लोखंडाला काटे फुटले

आज काट्याची गोष्ट. बाभळीच्या नव्हे रे, लोखंडाच्या!

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात नजर पोचेल तिथवर गवताळ माळ होता. 1862 साली सरकारनं कायदा केला: पाच वर्षं राहून जमीन कसा, 160 एकर जवळजवळ फुकट. माळावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना विचारलं कुणी? छे!

माणसं आली, पेरणी झाली. पण मोकाट गुरं पीक फस्त करायची. गडगा रचावा तर दगड नाही, कुंपण घालावं तर लाकूड नाही. मग लोकांनी ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई लावली. आपल्या फणसाच्याच कुळातलं झाड, बरं का. पण ती दाट व्हायला काही वर्षं लागत, आणि गुरं कशाला थांबतात?

"मग साधी तार बांधायची ना, आजोबा!"

बांधली की. गुरं तिला अंग घासत, रेटून पार होत. शिवाय थंडीत ती आकसून तुटायची, उन्हात सैल पडायची.

इलिनॉयमधल्या डीकाल्बच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं कॉफी दळायच्या यंत्रावर तारेचे काटे वळले. ते घसरू नयेत म्हणून पहिल्या तारेला दुसरीचा पीळ दिला. खरी हुशारी त्या पिळात आहे! काटा जागचा हलेना, आणि तार आकसली-वाढली तरी पीळ ते सांभाळून घेई. 1874च्या नोव्हेंबरात त्याला पेटंट मिळालं. कारखाने वाढले, तार स्वस्त झाली आणि माळाचे तुकडे पडले. शेतं राखता येऊ लागली. निवडक वळू वेगळे ठेवून जातिवंत पैदास सुरू झाली. ओढा कुंपणापलीकडे गेलेल्यांनी विहिरी खणून पवनचक्क्या बसवल्या. टेक्ससमध्ये तर रात्री तारा कापण्यावरून रक्त सांडलं. 1884 साली तार कापणं तिथं गंभीर गुन्हा ठरलं.

सगळ्यात वाईट झालं ते गुरांचं. हिमवादळात ती वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडे सरकत. 1880 नंतरच्या कडक हिवाळ्यांत हजारो गुरं तारेशी अडून गोठून मेली.

आणि प्राँगहॉर्न? हरणासारखा दिसणारा, धावण्यात अमेरिकेत पहिला. पण उडी क्वचितच मारतो! उघड्या माळावर त्याच्या पूर्वजांना उडीची गरजच पडली नव्हती. तो तारेखालून सरपटतो. म्हणून तिकडे आता कित्येक ठिकाणी सर्वांत खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून सुमारे दीड फूट वर बांधतात.