मास्तरकीचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीला हळदकुंकू वाहणारा आपला समाज मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की तीच वही हळूच मिटून ठेवतो. विद्येला हिशेब कसला, असे आपण म्हणतो. इंजिनिअर होणाऱ्या चिरंजीवांच्या पगाराची चौकशी तरी होते. पण कन्या शिक्षिका व्हायचे म्हणाली, की ‘वा, पवित्र पेशा!’ एवढ्यावर बोलणे आटोपते. सरकारनेही शिक्षकभरतीच्या व्यवस्थेला ‘पवित्र’ हेच नाव दिले आहे. परंतु पवित्र पेशालाही फी लागते, आणि फीसाठी कर्ज काढले तर व्याज चुकत नाही.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. आकडेमोड हा काही माझा प्रांत नव्हे. तरीही दरसाल पदवीचे निकाल लागले, की दोन-चार विद्यार्थी ‘सर, बी.एड. करू का?’ म्हणून विचारायला येतात. अलीकडे त्या प्रश्नाला एक शेपूट फुटले आहे : ‘सेमी इंग्रजीला मागणी आहे म्हणतात!’

मागणी आहे, यात शंका नाही. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, ही तडजोड मध्यमवर्गाला मानवली आहे. तशी ही खटपट जुनीच. ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात जी शाळा काढली, तिचे नावच मुळी ‘न्यू इंग्लिश स्कूल’! मराठीचा अभिमान आणि इंग्रजीची गरज एका छपराखाली नांदवायची, तर दोन्ही घरचा पाहुणचार जाणणारा शिक्षक हवा. ‘डिनॉमिनेटर’ हा शब्द फळ्यावर लिहिणे सोपे; परंतु तो म्हणजे आपला ‘छेद’, वस्तूचे किती समान भाग केले ते सांगणारा, हे मुलाच्या मनात उतरवणे ही निराळी विद्या आहे. पुष्कळांना एक भाषा येते आणि दुसरीची घोकंपट्टी येते. दोन्ही भाषांत विचार करणारा शिक्षक विरळा.

अशीच एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. बी.एस्सी. चांगल्या गुणांनी झालेली, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. म्हणजे या कामाला अगदी जन्मजात योग्य. वडील म्हणाले, “सर, दोन लाखांचे कर्ज काढायची माझी तयारी आहे. पण ते फिटेल ना, एवढे सांगा.” मग आम्ही तिघांनी कागद पुढे ओढला.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आहे. हिशेबाच्या सोयीसाठी व्याज शेकडा दहा धरले. पहिल्या वर्षाच्या आरंभी एक लाख उचलले, दुसऱ्या वर्षाच्या आरंभी एक लाख. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सामान्यतः शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. पण व्याजाला सुट्टी नसते. पहिल्या लाखावर तीन वर्षांचे तीस हजार, दुसऱ्यावर दोन वर्षांचे वीस हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच दोन लाखांचे अडीच लाख झाले! पाच वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ५,३०० रुपये. दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे ३,३००. हप्ता हलका झाला खरा, पण एकूण भरणा ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ९६ हजारांवर गेला.

आता जमेची बाजू. अनुदानित शाळेत नोकरी लागली, तरी पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून काढावी लागतात. २०२३ साली या मानधनात वाढ झाली, तेव्हा प्राथमिकसाठी १६,००० आणि माध्यमिकसाठी १८,००० रुपये ठरले. अठरा हजारांतून ५,३०० गेले, की हाती राहतात १२,७००. त्यातून खोलीचे भाडे, डबा, एस.टी.चा पास! आणि एखाद्या विनाअनुदानित शाळेने दहाच हजार टेकवले, तर निम्म्याहून अधिक बँकेच्या घशात.

“पण पुढे वेतनश्रेणी लागते ना?” वडिलांनी विचारले. लागते, भत्तेही मिळतात, आणि मग हे कर्ज जड वाटत नाही. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या भरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, ती २०१७ साली झाली आणि त्यानंतर एकदम २०२३ साली. पुढची २०२५ साली. बँकेचे कॅलेंडर मात्र असे उड्या मारीत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की कर्जाचे माप वेतनश्रेणीने घेऊ नये. ते शिक्षण सेवकाच्या मानधनाने घ्यावे. पाचव्या हिश्श्याहून मोठा हप्ता त्या मानधनाला पेलत नाही. फी कमी असलेले सरकारी वा अनुदानित महाविद्यालय आधी पाहावे. २०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली आहे. आपला प्रवर्ग, अभ्यासक्रम व महाविद्यालय त्यात बसते का, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. शिवाय कोणत्या इयत्तेला शिकवायचे, तेही आधी ठरवावे. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तेथे डी.एल.एड.च हवे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. भलत्या जिन्याची पायरी चढण्यासाठी कर्ज काढण्यात शहाणपण नाही.

त्या मुलीने कर्ज दोन लाखांवरून ऐंशी हजारांवर आणले. घरून जाऊन-येऊन करता येईल असे कमी फीचे महाविद्यालय धरले, आणि उरलेल्या खर्चासाठी संध्याकाळच्या शिकवण्या घेतल्या. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेली पोरे तिच्याकडे येतात. पदवी हाती पडण्यापूर्वीच तिच्या दोन भाषांनी तिला चार पैसे मिळवून दिले.

पण सगळा शहाणपणा पोरींनीच का दाखवावा? टिळक-आगरकरांनी थोडक्या वेतनावर शिकवले, हा दाखला संस्थाचालक हटकून देतात. त्यांचा त्याग स्वखुशीचा होता. हप्ता डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडून तो वसूल करायचा नसतो. आपण पालक शाळा निवडताना मैदान पाहतो, बस पाहतो, संगणक मोजतो. यंदा प्रवेशाच्या वेळी एक प्रश्न अधिक विचारून पाहा : ‘बाई, आमच्या मुलाला दोन भाषांत शिकवणाऱ्या शिक्षिकेला तुम्ही महिना काय देता?’ उत्तर देताना मुख्याध्यापिका घुटमळल्या, तर आपल्या मुलाला काय मिळणार आहे, त्याचाही अंदाज तेथेच येईल.