खेळाडूचें दर्शन आणि खेळाडूचा सहवास

कीर्तिमान खेळाडू गांवांत येणार असें कळलें म्हणजे शाळाशाळांतून केवढी धांदल उडते! हार येतात, व्यासपीठ सजतें, पाहुण्यांचीं भाषणें होतात. आणि ज्यांच्यासाठीं हा सोहळा मांडला, तीं मुलें स्वाक्षरीची वही सांभाळीत रांगेंत ताटकळत उभीं राहतात. घरीं आल्यावर छायाचित्र शेजाऱ्यापाजाऱ्यांस दाखविलें जातें. आठवड्यानें त्याचें तेज ओसरतें. अशा भेटी व्यर्थ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. भेटीनें ठिणगी पडते हें खरें. ती पुढें कशानें तेवत राहते, एवढाच प्रश्न आहे. बॅडमिंटनच्या खेळाचा आपल्या देशांतील अलीकडचा इतिहास त्याचें उत्तर देतो.

हा खेळ महाराष्ट्रास परका नव्हे. एकोणिसाव्या शतकांत पुण्याचे इंग्रज अधिकारी तो खेळत, व त्यावरून त्यास 'पूना' असेंच नांव पडलें होतें. सांगलींत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें अजिंक्यपद मिळविलें. परदेशांत असें यश मिळविणारे ते पहिले भारतीय.

परंतु गुरुशिष्यपरंपरा म्हणावी अशी गोष्ट सुरू झाली ती बंगळुरांत. प्रकाश पदुकोण बालपणीं जेथें खेळत तें क्रीडागृह नव्हे, लग्नाचें कार्यालय होतें. मुहूर्त असेल त्या दिवशीं खेळास सुटी! शाळा सुटली कीं आज तेथें कार्य नाहीं ना, याची चौकशी आधीं करावी लागे. इंडोनेशियाच्या रुडी हार्तोनो याचा आदर्श त्यांनीं डोळ्यांपुढें ठेवला आणि आपल्या खेळाची घडण बदलून तो आक्रमक केला. सोळाव्या वर्षीं ते राष्ट्रीय विजेते झाले. १९८० सालीं हार्तोनोच्याच देशाच्या लिएम स्वी किंग याचा १५-३, १५-१० असा पराभव करून त्यांनीं ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली.

पुढें १९९४ सालीं त्यांनीं बंगळुरांत अकादमी काढली. तेथें येणाऱ्या मुलांस वर्तमानपत्रांतील प्रकाश भेटला नाहीं. शेजारीं उभा राहून चूक दाखविणारा भेटला. हैदराबादचे पुल्लेला गोपीचंद त्यांपैकींच एक. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत वडील बंधु उत्तीर्ण झाले, हे अनुत्तीर्ण. आणि तेंच आपलें भाग्य, असें ते स्वतः विनोदानें सांगतात. (आमच्यापैकीं किती घरांत असा निकाल लागल्यावर विनोद सुचला असता, हें ज्याचें त्यानें ठरवावें.) १९९४ सालींच पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेंत त्यांच्या गुडघ्यास मोठी दुखापत झाली. शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्यांनीं खेळ सोडला नाहीं. २००१ सालीं चेन हाँग याला हरवून त्यांनीं गुरूचें तेंच अजिंक्यपद मिळविलें. विजयानंतर एका शीतपेयाची जाहिरात चालून आली. मुलांना जें पेय घेऊं नका म्हणावयाचें त्याची भलावण आपण करणार नाहीं, म्हणून त्यांनीं ती नाकारली.

त्या विजयाच्या वेळीं पी. व्ही. सिंधु पांच वर्षांची होती. आईबाप दोघेंहि व्हॉलीबॉलचीं खेळाडू. तरी मुलीनें रॅकेट उचलली ती गोपीचंदांच्या यशानें भारावून. पुढें ती त्यांच्याच अकादमींत दाखल झाली. सरावासाठीं तिला रोज छप्पन किलोमीटरांची ये-जा करावी लागे. लहान मुलीचा असा प्रवास एकटीच्या उत्साहावर होत नाहीं. भल्या पहाटे कोणी उठावयाचें, डबा कोणी भरावयाचा, अभ्यास बुडाला तर बोल कोणी सोसावयाचे, हे प्रश्न साऱ्या घरानें सोडवावे लागतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वीं गोपीचंदांनीं तीन महिने तिचा भ्रमणध्वनि काढून घेतला होता. आवडतें गोड दहींहि वर्ज्य केलें होतें. रौप्यपदक मिळाल्यावर तो परत मिळाला.

म्हणून संस्थाचालकांस आमची एक विनंति आहे. पाहुणा खेळाडू आला तर भाषणें आटोपतीं घ्यावीं आणि अर्धा तास त्याला मुलांबरोबर खेळूं द्यावें. सोळा पिसांचें, जेमतेम पांच ग्रॅम वजनाचें तें फूल त्याच्या रॅकेटीवरून सुटून अंगावर येतें, तेव्हां आपण कोठें आहों आणि तो कोठें आहे, हें मुलाला एका क्षणांत समजतें. तें समजूनहि जो दुसऱ्या दिवशीं मैदानावर हजर होतो, त्याच्याविषयीं घरांत बसून विचार करावा.

सहवासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अलमोड्याचा लक्ष्य सेन दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रकाश यांच्या अकादमींत आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत कांस्यपदकाच्या सामन्यांत पहिला डाव जिंकूनहि तो हरला. प्रकाश तेथें हजर होते. शासनानें व संघटनेनें शक्य तें सर्व केलें आहे, आतां खेळाडूंनींच जबाबदारी उचलली पाहिजे, असें त्यांनीं पत्रकारांपुढें स्पष्टपणें सांगितलें. पुष्कळांस तें बोलणें कठोर वाटलें. आम्हांस त्यांत इतक्या वर्षांच्या सहवासाचा अधिकार दिसला. चार महिन्यांच्या आंत लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेचें अजिंक्यपद लक्ष्यनें जिंकलें.