पालक सभेला का येत नाहीत?

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेतील शिक्षकांशी दहा मिनिटे बोलावे. ‘पालकांचे लक्षच नाही’ हा उद्गार त्यांच्या तोंडून बाहेर पडल्यावाचून राहत नाही. त्याच गावातील पारावर जाऊन पालकांशी बोलावे, तर ‘गुरुजी शिकवतात केव्हा? त्यांचे कागदच संपत नाहीत’ असे ऐकावयास मिळते. दोन्ही तक्रारी जुन्या आहेत आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की, दोहोंतही तथ्य आहे. या दोघांमध्ये कोणाचा दोष अधिक, याचा निवाडा करीत बसण्यापेक्षा, ज्यांचे हित एकच आहे अशी ही दोन माणसे एकमेकांकडे संशयाने का पाहू लागली, याचा शोध घेणे अधिक उपयुक्त ठरेल. कारण आज सार्वजनिक शाळांचे अस्तित्वच अनेक ठिकाणी पणाला लागले आहे. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटसंख्येच्या शाळांची माहिती मागविली, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. या शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्यात, असा तो विचार होता. एवढ्या शाळांचे भवितव्य टांगणीला लागले असताना त्यांच्या बाजूने बोलावयास पुढे कोण आले? काही शिक्षक संघटना आणि मूठभर कार्यकर्ते. पालकांचा आवाज त्यात क्षीण होता.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर हा आवाज सर्वांत मोठा असावयास हवा. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने प्रत्येक सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक केले. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या जागा स्त्रियांना मिळाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे, मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे, ही या समितीची कामे होत. शेतमजूर स्त्रीने शाळेच्या जमाखर्चाचा जाब विचारावा, असा अधिकार या देशात पूर्वी कधी कोणत्या कायद्याने दिला होता?

मग हा अधिकार वापरला का जात नाही? याचे उत्तर मिळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असेही त्यांनी त्याच निवेदनात सुचविले होते. पुढे बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापासून सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली. या सर्व प्रयत्नांविषयी नितांत आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. ती अशी की, फुल्यांच्या निवेदनातील पहिली सूचना, म्हणजे सक्ती, आपण उचलली आणि दुसरी, म्हणजे शिक्षकाने लोकांत मिसळावे ही, बव्हंशी विसरून गेलो. सक्तीच्या चौकटीत पालक हा आरोपी होता. हजेरीपट, नोटीस, दंड या मार्गानेच शाळेची आणि त्याची गाठ पडत असे. जी व्यवस्था दोन-तीन पिढ्या पालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात पाहत आली, तिनेच २०१० मध्ये त्याला व्यवस्थापकाच्या खुर्चीवर बसण्याचे आमंत्रण दिले. तो बिचकला, यात नवल ते काय? आणि शाळाही त्याच्याशी जुन्याच सुरात बोलत राहिली. पालक सभेला बोलावणे येते ते पोराच्या गैरहजेरीबद्दल, नाही तर आधार कार्डाच्या प्रतीसाठी.

समितीचे प्रत्यक्ष कामकाज कसे चालते, ते अनेकांनी पाहिले असेल. सभा सकाळी अकरा वाजता ठेवलेली असते. त्या वेळी रोजंदारीवर जाणारी आई शेतात असते. सभेला यायचे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. मग इतिवृत्ताची वही मागाहून घरोघर फिरते आणि सह्या व अंगठे गोळा होतात. बँकेतील खाते अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालते, त्यामुळे अध्यक्षपदाला गावच्या राजकारणात थोडे महत्त्व येते. तेवढ्यापुरती चुरसही होते. परंतु चौथीतल्या मुलाला वाचता येते की नाही, हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर क्वचितच असतो. शिवाय एकाच शाळेत किती समित्या असाव्यात? व्यवस्थापन समिती, अलीकडची सखी सावित्री समिती, आणखीही काही. लहान वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत त्याच पाच-सहा बायामाणसांची नावे प्रत्येक यादीत लिहावी लागतात.

ऊसतोड कामगारांच्या गावांत तर हा प्रश्न फारच तीव्र रूप धारण करतो. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे निम्मे वर्ष या काळात येते. मुले आईबापांबरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर हंगामी वसतिगृहाच्या किंवा आजीच्या आधाराने राहतात. अशा गावात ‘पालक’ म्हणजे कोण? कायद्याने पालकाची व्याख्या करताना मुलाचा सांभाळ व ताबा ज्याच्याकडे आहे ती व्यक्ती, असा व्यापक अर्थ घेतला आहे. तेव्हा सहा महिने नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीला समितीत बसण्यास आडकाठी असू नये. पण कोणत्या शाळेने तिला मुद्दाम बोलावून घेतले? तिला अक्षर ओळखता येत नसेल. परंतु पोर रात्री पुस्तक उघडते की नाही, आणि उघडले तर अडखळते की सरळ वाचते, हे कानांनी ओळखावयास साक्षरता लागत नाही.

या ठिकाणी कोसबाडच्या कार्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते कार्य डोंगरावरच्या कोसबाडला गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत, हा अनुभव त्यांनाही आला. मोठ्या मुलांवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी असे, कोणाला गुरे राखावी लागत. ‘पालकांचे लक्षच नाही’ असे म्हणून त्या दोघी गप्प बसल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी निराळा मार्ग धरला. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडीची कल्पना साकार झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली गेली आणि तिला कुरणशाळा हे सुंदर नाव मिळाले. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. अंगणात शाळा भरली, की आई चूल सांभाळता सांभाळता तिच्याकडे पाहू लागते, कधी चार शब्द बोलते. आज आपण ज्याला पालकांचा सहभाग म्हणतो, त्याची सुरुवात तेथे अशी झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाच्या रूपाने घरोघरची मूठमूठ धान्य गोळा केले, त्यातही हेच मर्म होते. ज्या घरातून मूठभर ज्वारी गेली, त्या घराला ते वसतिगृह परके राहिले नाही.

‘ताराबाईंना केंद्रप्रमुखाच्या व्हॉट्सॲप समूहावर तातडीची माहिती पाठवायची नव्हती’, असे कोणी शिक्षक यावर म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यातील वेदना खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादण्यास मनाई केली आहे. त्यापूर्वीच, २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुटीच्या व न शिकविण्याच्या दिवशी करून घ्यावे, असे स्पष्ट केले होते. तरीही मतदारयादी, सर्वेक्षणे, पोषण आहारातील तांदळाचा हिशेब आणि नित्य नव्या संकेतस्थळांवर भरावयाच्या रकान्यांतून शिक्षकाची सुटका झालेली नाही. विशेष असे की, याच कायद्याने शिक्षकाच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, आकलन व प्रगती यांची माहिती त्यांना देणे, ही बाब घातली आहे. म्हणजे जे काम कायद्याने सांगितले त्याला वेळ नाही, आणि ज्याला मनाई केली ते मात्र तातडीचे!

गाव आणि शिक्षक यांच्या संबंधाला आणखी एक कीड लागली आहे, ती मुख्यालयी राहण्याच्या प्रश्नाची. शिक्षक गावात राहतो, असा ग्रामसभेचा ठराव जोडल्यास घरभाडे भत्ता मिळावा, या नियमाने कोणाचे भले झाले? गावात राहण्याजोगे घर मिळत नाही, शिक्षकाची पत्नी दुसऱ्या तालुक्यात नोकरीला असते, ही अडचण खरी. पण त्यामुळे सरपंचाकडून कागद मिळवण्याची जी लाचारी शिक्षकाच्या वाट्याला येते, ती घेऊन तो त्याच सरपंचाच्या पुतण्याला ‘तुमचा मुलगा चार दिवस आला नाही’ असे ताठ मानेने कसे सांगणार?

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे हे पान वाचणाऱ्या पगारदार वर्गाविषयी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी तलाठी, पोस्टमास्तर, शिक्षक आणि त्यांच्याच घरी दूध घालणारा, या सर्वांची मुले एकाच नगरपालिकेच्या शाळेत बसत. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसर शाळेचा जो पुरस्कार केला, त्यामागे हीच दृष्टी होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे आपण आपली मुले तेथून काढून घेतली. प्रथम खासगी मराठी शाळेत, मग इंग्रजी माध्यमाच्या. अर्ज लिहिता येणारा, साहेबाला भेटण्यास न कचरणारा, वर्तमानपत्रात पत्र पाठविणारा पालक सार्वजनिक शाळेतून निघून गेला, आणि उरलेल्यांवर आपण ‘जागरूक नसल्याचा’ ठपका ठेवू लागलो. जिल्हा परिषदेच्या कित्येक शिक्षकांची स्वतःची मुलेही त्यांच्या शाळेत नसतात, ही गोष्ट गावाला ठाऊक असते आणि गाव त्यातून आपला निष्कर्ष काढते. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर व लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत, यासाठी पावले उचलण्याचा आदेश दिला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही. अशी सक्ती प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. आपले मूल कोठे शिकवावे, हे ठरविण्याचा हक्क कारकुनालाही आहे. परंतु न्यायालयाने ज्या दुखण्यावर बोट ठेवले, ते दुखणे नाकारता येत नाही.

आशेला जागा नाही असे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोडची पुष्कळ चर्चा झाली. त्याच वर्षी महासाथीने शाळा बंद असताना राज्यातील असंख्य अनामिक शिक्षकांनी मंदिराच्या ओट्यावर, वाड्याच्या पडवीत, झाडाखाली मुले गोळा करून शिकविले. मुलांना मास्तर कसे शिकवतात, हे कित्येक आईबापांनी त्या वेळी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. शाळा उघडल्या आणि ती ओळख पुन्हा फाटकाबाहेर राहिली, याची खंत वाटते.

या जूनमध्ये शाळांना एक साधी गोष्ट करता येईल. पहिली पालक सभा सायंकाळी सातनंतर, शाळेत न घेता वस्तीवर घ्यावी आणि तिच्यात प्रत्येक मुलाने पालकांसमोर आपल्या पुस्तकातील एक उतारा वाचावा. २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहण्यांत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नसल्याचे सातत्याने आढळले आहे. हा आकडा वर्तमानपत्रात वाचण्यापेक्षा आपल्या मुलाच्या तोंडून ऐकणे पालकाला अधिक कळेल. शासनाकडूनही एक अपेक्षा आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हे राज्याच्याच नियमांतील अंतर आहे. ते मोडून एखाद्या वस्तीची शाळा दुसरीकडे हलवावयाची असेल, तर त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभा बोलावून, ज्यांची मुले ओढा ओलांडून जाणार आहेत त्या आयांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि समितीचा ठराव विरुद्ध गेला तर अधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे लेखी द्यावीत. समितीला कायद्याने आराखडा करण्याचा अधिकार दिलेला आहे. ज्या शाळेचा आराखडा करायचा, ती राहणार की जाणार यावर तिचे मत विचारले जाऊ नये, ही विसंगती दूर करण्यास नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे आहे.