रंध्याखाली न हलणारं टेबल

हाताने रंधा मारताना सुताराचा जोर आडवा लागतो. जेवणाच्या टेबलावर भार वरून पडतो, म्हणून तिथे बारीक पाय चालतात. कामाच्या टेबलाचे तसे पाय लवकरच डुलू लागतात. म्हणून ते जड हवं. फ्रान्सच्या आंद्रे रुबो या सुताराने 18व्या शतकात सुतारकामावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या टेबलाचे जाडजूड पाय थेट वरच्या फळीत शिरतात. पायाच्या टोकाला कुसू काढून ते फळीतल्या भोकात ठोकून बसवायचं. असा सांधा डुलण्याला अडवतो, आणि तो पटाशीने स्वतः कोरण्यात जो आनंद आहे तो तयार टेबलात नाही.

खरी गंमत मात्र लाकडाच्या ओलाव्यात आहे. लाकूड हवेतली वाफ शोषून फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पण लांबीत जवळजवळ नाहीच, सगळा फरक रुंदीत आणि जाडीत. सागवान यात फार शांत, तरीही त्याच्या 60 सेंटीमीटर रुंद फळीतला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला, तर रुंदी पाचेक मिलिमीटरने बदलू शकते. फळीखाली आडवी पट्टी सरसाने पक्की चिकटवली तर ही हालचाल कोंडते आणि फळी तडकते. म्हणून पट्टीचं एकच टोक घट्ट करावं, दुसऱ्या टोकाच्या स्क्रूसाठी लांबट भोक ठेवावं.

उंची? रंध्यासाठी टेबल साधारण खाली सोडलेल्या हाताच्या मनगटाइतकं ठेवा. हातांबरोबर अंगाचं वजनही कामाला येतं.