घाटात ठिणगी कुठे हरवते?

कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी आज हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये नव्याने सजते आहे. १०८९ सीसीच्या इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं जातं, मोठा कार्बोरेटर चढतो. दारात उभी असताना गाडी सुरेख वाजते. बोरघाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की मिसिंग मारते आणि पिकअप जातो.

अशा वेळी हात आधी कार्बोरेटरकडे वळतो. दोष मात्र अनेकदा ठिणगीत असतो.

प्लगच्या दोन टोकांमधला वायू जितका दाबलेला, तितकं ती फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, सिलिंडर अर्धवटच भरतो. दमलेली कॉइलही तिथे निभावून नेते. चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की सिलिंडर गच्च भरतो, त्यात घासलेल्या हेडमुळे दाब आणखी चढतो. मग हजारो व्होल्टची वीज सोपी वाट शोधते: डिस्ट्रिब्यूटर कॅपमधली केसाएवढी चीर किंवा जुनाट प्लगवायर. अंधारात बॉनेट उघडून इंजिन रेस केलं, तर ही गळती बऱ्याचदा निळसर ठिणग्यांच्या रूपात दिसते. वायरला हात मात्र लावू नये.

प्लगचा गॅप थोडा कमी करून पुन्हा चढावर जाणं, ही सर्वांत स्वस्त चाचणी. मिसिंग कमी झालं तर इग्निशन अशक्त आहे हे जवळपास ठरलं. मग कॉइलपर्यंत बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज पोहोचतं का ते मोजावं. जुना इग्निशन स्विच आणि गंजलेलं अर्थिंग त्यातलं बरंच खाऊन टाकतात. पॉइंट जळलेले दिसले तर कंडेन्सरवरही संशय घ्यावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

ठिणगी दणकट असूनही ताकद येत नसेल, तर टायमिंग पाहावं. कॉम्प्रेशन वाढल्यावर जुन्या टायमिंगला इंजिन नॉकिंग करू लागतं. ते थांबवायला मेकॅनिक टायमिंग मागे घेतो, आणि तेच प्रमाणाबाहेर गेलं की ताकद घटते, इंजिन तापतं. डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं वेग वाढताच बाहेर फेकली जाऊन ठिणगी लवकर पाडतात. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ती गंजून अडकतात. डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमची नळी असेल, तर ती काढून बंद करावी, टायमिंग लाइट धरावा आणि रेस वाढवावी. पुलीवरची खूण जागची हलली नाही, तर नवा कार्बोरेटर विकत घेण्याआधी डिस्ट्रिब्यूटर खोलावा.