मलावीत घडणारे हाडांचे डॉक्टर

मांडीचे हाड मोडलेल्या माणसाच्या हाडाच्या पोकळीत रॉड बसवला, तर तो काही दिवसांत कुबड्या घेऊन चालू लागतो. शस्त्रक्रियेची सोय नसेल तर गुडघ्याखालच्या हाडातून पिन घालून तिला वजन लटकवतात आणि पाय ताणून ठेवतात. हे ट्रॅक्शन सहा आठवडे, कधी त्याहून जास्त चालते. तेवढे दिवस रोग्याची कमाई थांबते आणि त्याचे जेवणखाण पाहायला जवळ राहिलेल्या नातेवाइकाचीही मजुरी बुडते. आफ्रिकेतील मलावीसारख्या गरीब, शेतीवर जगणाऱ्या देशात एका अपघाताने घर कर्जात जाते ते असे.

परवडणारी, सुरक्षित शस्त्रक्रिया वेळेवर न मिळणारे लोक जगात सुमारे ५०० कोटी आहेत, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडले. जिल्हा रुग्णालयाची कुवत जोखायला आयोगाने तीन शस्त्रक्रिया निवडल्या. सिझेरियन आणि पोटाची शस्त्रक्रिया यांच्या जोडीला तिसरी होती कातडी फाटून हाड उघडे पडलेल्या अस्थिभंगावरची.

मलावीत वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९९१ मध्ये. त्याआधी डॉक्टर व्हायचे तर परदेशी जावे लागे आणि गेलेले सगळेच परतत नसत. हाडांचे सर्जन तर बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे १९८५ पासून तिथे वेगळा मार्ग धरला गेला. ‘क्लिनिकल ऑफिसर’ म्हणजे एमबीबीएस नसलेला, पण रोग्यांवर उपचार करणारा प्रशिक्षित अधिकारी. अशांना अस्थिरोगाचे जादा शिक्षण देऊन जिल्ह्याजिल्ह्यांत नेमण्यात आले. हाड बसवणे, प्लास्टर घालणे, ट्रॅक्शन लावणे, जखम धुऊन साफ करणे ही कामे ते करतात. जन्मतः पावले आत वळलेल्या बाळांना दर आठवड्याला नवे प्लास्टर घालून पाय हळूहळू सरळ करण्याची पोन्सेटी पद्धतही त्यांनी आत्मसात केली. सर्जनची वाट पाहत बसण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी शहाणपणाचा होता. मात्र अवघड शस्त्रक्रियांना सर्जन हवाच.

सर्जन घडवण्याचे काम ‘कोसेक्सा’ने हाती घेतले. पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील सर्जनांचे हे महाविद्यालय १९९९ मध्ये स्थापन झाले, आणि त्याला स्वतःची शिकवणीची इमारत नाही. मान्यता दिलेल्या रुग्णालयांतच डॉक्टर काम करता करता शिकतो आणि परीक्षा सर्व सदस्य देशांची एकच असते. ज्या रोग्यांवर आणि ज्या तुटपुंज्या साधनांत पुढे काम करायचे, त्यांच्यातच हात तयार होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागात घडलेले सुमारे ८५ टक्के सर्जन शिकले त्याच देशात काम करताना आढळले. परदेशी शिष्यवृत्त्यांना जे जमले नाही ते इथे साधले. मलावीतील ब्लँटायर शहराचे ‘बीट क्युअर’ रुग्णालय २००२ मध्ये सुरू झाले. तिथे प्रौढांच्या खाजगी उपचारांतून येणारे पैसे मुलांच्या मोफत शस्त्रक्रियांना हातभार लावतात, आणि स्थानिक डॉक्टरांचे शिक्षणही चालते.

शिकलेल्या हाताला साहित्यही लागते. रॉड बसवताना तो हाडात नेमका कुठे आहे हे पाहायला एरवी ‘सी-आर्म’ हे क्ष-किरण यंत्र वापरतात. ते महाग, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा जवळपास मिळत नाही. अमेरिकी सर्जन लुईस झर्कल यांच्या ‘साइन’ संस्थेने भरीव रॉड आणि त्याला बाहेरून जोडायची मार्गदर्शक पट्टी तयार केली. पट्टीवरून रॉडच्या छिद्रांची जागा कळते, स्क्रू बसतात आणि सी-आर्मवाचून काम होते. रुग्णालयांना हे रॉड संस्था देणगीतून पुरवते. बदल्यात सर्जन रोग्याची क्ष-किरण चित्रे व पुढील तपासणीच्या नोंदी पाठवतात. त्यावर अनुभवी सर्जन अभिप्राय देतात.

परदेशी पथक आठवडाभर येऊन शस्त्रक्रिया करून गेले, तर सहा महिन्यांनी जंतुसंसर्ग झालेला रोगी पाहायला कुणी नसते. म्हणून आता पाहुण्या सर्जनने शेजारी उभे राहून स्थानिक सर्जनकडून शस्त्रक्रिया करवून घ्यावी, यावर भर आहे. तेवढ्यानेही भागत नाही. भूलतज्ज्ञ, निर्जंतुक उपकरणे, रक्त, अखंड वीज आणि फिजिओथेरपिस्ट यांतले एक नसले तरी शस्त्रक्रिया अडते किंवा वाया जाते. हे सगळे मोठ्या शहरांपलीकडे, जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचवण्याचे काम मलावीत अजून पुष्कळ बाकी आहे.