नारायणगावची शॅम्पेन

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हटलं की टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या आठवतात. पण 1980 च्या दशकात याच जुन्नर तालुक्यात फसफसती फ्रेंच धाटणीची वाइन तयार होऊ लागली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

उद्योजक शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हाइडसीक या जुन्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं. तिथला वाइनतज्ज्ञ राफाएल ब्रिसब्वा इकडे आला. त्याच्या देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. इथे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी.

पुढचं काम चिकाटीचं. वाइन बाटलीतच पुन्हा आंबते. मग बाटली रोज थोडी फिरवत उलटी करायची, की गाळ मानेशी जमतो. मान गोठवून बूच काढलं, की गाळाचा खडा उडून बाहेर पडतो. या वाइनचं नाव ‘ओमर खय्याम’. ती परदेशातही विकली गेली.

2008 नंतर कर्जाखाली कंपनी कोसळली. द्राक्षं पिकवणाऱ्यांचे पैसे अडकले, आणि या कहाणीतला सर्वांत दुखरा भाग तोच आहे.